माझं नसलेलं शेत आणि येळवशीचं आमंत्रण

माझ्याकडे शेत नाही. ही गोष्ट मला बावन्न वर्षं व्यवस्थित माहीत होती. तरीही कालच्या येळवशीला मी एका अनोळखी माणसाला, सहकुटुंब, माझ्या शेतात जेवायला बोलावलं.

ज्यांना येळवस माहीत नाही (असे लोक असतात, पुण्याकडे बरेच आहेत) त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या, बोलताना येळवस. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या बाजूला त्या दिवशी माणूस घरात जेवत नाही. शेतात कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगापोळी असं दुपारभर खात बसायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत हं! हिरवा हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या, जे रानात सापडेल ते बेसनात शिजवून केलेली दाटसर भाजी. आणि ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं बोलवायचं. बोलावलं की जायचं. पण बोलावून जेवायला घातलं नाही, तर त्या माणसाचं तोंड वर्षभर कुणी बघत नाही. ही शेवटची अट मी विसरलो होतो.

मी जुळे सोलापुरात राहतो आणि एका शाळेत हेडक्लार्क आहे. घरात माझं कुणी ऐकत नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते वाक्यसुद्धा घरात कुणी पूर्ण ऐकून घेतलेलं नाही. शाळेत मुख्याध्यापक ऐकत नाहीत, मास्तर लोक ऐकत नाहीत आणि पोरं तर घंटेशिवाय कशाचंच ऐकत नाहीत. अशा माणसाला फेसबुकवर सोलापुरी खाण्याचा एक ग्रुप सापडला. तिथं मी एके दिवशी सहज लिहिलं, ‘येळवस जवळ आली. भज्जीत चिंच विसरू नका. चिंच नाही ती भज्जीच नाही.’

चार मिनिटांत उत्तर आलं. ‘भज्जीत चिंच घालणाऱ्यांनी आधी शेत बघावं. भज्जीला आंबटपणा चुक्याचाच.’

लिहिणाऱ्याचं नाव होतं ‘रांगडा सोलापूरकर’. फोटोत दोन बैल होते. त्यातला नेमका कोणता तो, हे मी त्याला लगेच विचारलं.

झालं! तीन दिवस आम्ही एकमेकांना सोडलं नाही. त्यानं मला ‘चिंचोके’ म्हटलं, मी त्याला ‘शेपटी सांभाळा’ म्हटलं. तो म्हणाला, पाच पिढ्यांची शेती आहे आमची. मी म्हणालो, मग पाचही पिढ्या चुकीची भज्जी खात आल्या. शाळेत बोनाफाईड घ्यायला आलेले पालक खिडकीत ताटकळत उभे असायचे आणि मी टेबलाखाली मान घालून टाइप करत असायचो. त्यांना वाटायचं, भाऊसाहेब रजिस्टर शोधतायत. (शाळेत हेडक्लार्कला भाऊसाहेब म्हणतात. पगारवाढीऐवजी.) खोटं कशाला सांगू, मला लई मजा येत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या प्रत्येक वाक्याला कुणीतरी उत्तर देत होतं!

बायकोनं, म्हणजे सुनंदानं, मेथी निवडता निवडता विचारलं, “अहो, कोण आहे कोण तो?”

“माहीत नाही.”

“मग भांडताय कशाला?”

“माहीत नाही म्हणूनच! ओळखीच्या माणसाशी भांडता येतं का? तो दुसऱ्या दिवशी भेटतो की.”

“तुम्हाला भज्जी करता येते?”

“प्रश्न तो नाहीय.”

“चहा करता येतो?”

“सुनंदा, विषय भरकटवू नकोस.”

चौथ्या दिवशी तो वर्मावर आला. ‘तुमचं शेत कुठंय हो? का फ्लॅटच्या कुंडीत चिंच लावलीय?’ आता आमच्या गॅलरीत एक तुळस आणि एक वाळलेला कढीपत्ता आहे. ते त्याला कसं कळलं देव जाणे, पण माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, ‘दुधनीला शेत आहे आमचं. विहीर आहे. या कधी, भज्जी काय असते ते दाखवतो!’

विहीर कुठून आली मला माहीत नाही. त्यानं विचारलीसुद्धा नव्हती. खोटं बोलताना माणूस आधी पाण्याची सोय करून ठेवतो, एवढाच त्याचा अर्थ.

पलीकडून दहा मिनिटं काही आलं नाही. मला वाटलं, जिंकलो. मग उगवलं, ‘येळवशीला येतो. सहकुटुंब. भज्जी चाखून जो चुकीचा ठरेल त्यानं ह्याच ग्रुपवर सगळ्यांदेखत माफी मागायची. कबूल?’

खाली लोकांची जत्रा भरली. ‘भाऊसाहेब, माघार नको!’ ‘होऊन जाऊ द्या!’ आमच्या चित्रकलेच्या सरांनी अंगठा दिला. आणि आमचे मुख्याध्यापक, ज्यांनी माझ्या रजेच्या अर्जालाही कधी चार दिवसांच्या आत उत्तर दिलेलं नाही, त्यांनी हसरा चेहरा टाकला. काय करणार? मी लिहिलं, ‘कबूल.’

आता प्रश्न चिंचेचा राहिला नव्हता. शेत नाही म्हणावं तर सगळ्या सोलापुरासमोर, मुख्याध्यापकांसमोर, मी खोटारडा. शेत आहे म्हणावं तर ते येळवशीच्या आत कुठूनतरी आणायला हवं. दुकानात काही शेत मिळत नाही. मी घरी सगळं सांगून टाकलं. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचा चेहरा एकदम खुलला.

“दुधनीला शेत घेतलंस? कधी? मला सांगितलं नाहीस ते!”

“घेतलं नाही गं. पण बाबांची दुधनीच्या शाळेत बदली होती तेव्हा आपण दर येळवशीला शेतात जायचो की नाही?”

“जायचो की. शेजारच्या पाटलांच्या.”

“तेच ते.”

“तेच ते कसं होईल? ते त्यांचं होतं.”

सुनंदा म्हणाली, “रद्द करा. ताप आलाय म्हणून कळवा.”

“ताप मला येईल, शेताला नाही! तो म्हणेल, तुम्ही झोपा, पत्ता पाठवा.”

“मग खरं सांगून मोकळे व्हा.”

(बायका असं काहीतरी अशक्य सुचवतात.)

दुसऱ्या दिवशी मी इरण्णाला गाठलं. इरण्णा आमच्या शाळेचा शिपाई, माझ्याच वयाचा. अक्कलकोट रस्त्याला त्याचं चार एकर रान आहे. तो दुपारची घंटा देऊन येत होता.

“इरण्णा, येळवशीला काय बेत?”

“बेत काय असतंय? शेतात. तुमी येताव का भाऊसाहेब? या की! बावीस वर्सं बोलवायलोय, एकदाबी आला न्हाई तुमी.”

ते खरंच होतं. बावीस वर्षं तो बोलवत होता आणि बावीस वर्षं मी ‘बघू, बघू’ म्हणत होतो. रोज भेटणाऱ्या माणसानं खऱ्या शेतात बोलावलं तर मला वेळ नव्हता. आणि जन्मात न भेटलेल्या माणसाला मी खोट्या शेतात बोलावून बसलो होतो. त्या क्षणी मला स्वतःची थोडी लाज वाटली, पण काम अडलेलं असल्यामुळे ती मी बाजूला ठेवली.

“येतो. पण एक अडचण आहे. त्या दिवसापुरतं शेत माझं आहे असं म्हणायचं.”

इरण्णानं हातातला घंटेचा हातोडा टेबलावर ठेवला. “आन मग मी कोण?”

“तू म्हणजे आपलं... शेताकडं बघणारा.”

“गडी?”

“तसं नाही रे...”

“गडीच की!” तो जरा वेळ छताकडं बघत राहिला. मला वाटलं, रागावला. पण त्याच्या मिशा हलायला लागल्या. “बरं. एक दिवसाचा गडी हुतो. पर मालकागत वागाय येतंय का तुमाला?”

“त्यात काय यायचंय?”

“बगू की,” इरण्णा म्हणाला. त्या ‘बगू की’नंच मी सावध व्हायला हवं होतं.

येळवशीच्या दिवशी आई, सुनंदा आणि मी वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून साडेदहाला शेतावर पोचलो. इरण्णा बांधावर उभा होता. पांढरा सदरा, टोपी, अंगाला अत्तराचा वास. मी शाळेत जाताना घालतो तीच पॅंट घालून आलो होतो. दोघांत मालक कोण, हे रस्त्यावरच्या बैलानंसुद्धा बरोबर सांगितलं असतं.

“आव्वाला सांगितलंस ना?” मी हळूच विचारलं. आव्वा म्हणजे त्याची आई, खोपीपाशी तीन दगडांच्या चुलीवर भज्जी ढवळत बसली होती.

“सांगितलंय की. ऐकू कमी येतंय तिला. पर मान हालवली.”

“मान कशी हलवली? हो अशी का नाही अशी?”

“हालवली एवढं खरं,” इरण्णा म्हणाला.

तेवढ्यात, मी सकाळी मोबाईलवर पाठवलेल्या नकाशावरून शोधत आलेली एक स्कूटर बांधावर थांबली. मी छाती पुढं काढली. गेले पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोर पिळदार मिशांचा, हातात काठी घेतलेला एक दांडगा गडी होता. स्कूटरवरून उतरला तो किडकिडीत, हेल्मेटच्या आत कानटोपी घातलेला, चौकटीच्या स्वेटरातला एक माणूस. मागं बायको. त्यानं हेल्मेट काढलं, कानटोपी नीट केली आणि इतक्या हळू काहीतरी म्हणाला की मला पुन्हा विचारावं लागलं.

“मी कलशेट्टी.”

“कोण कलशेट्टी?”

तो आणखी हळू म्हणाला, “रांगडा सोलापूरकर.”

“या या! बसा!”

“आधी तुम्ही बसा सर.”

“छे छे, पाहुणे तुम्ही!”

तीन दिवस ज्याला मी बैल म्हणत होतो त्याला मी बसायला सतरंजी झटकून देत होतो. आणि मला चिंचोके म्हणणारा माणूस माझ्या आईच्या पाया पडत होता! इकडं सुनंदा किंचाळली, “अगं, तू?” कलशेट्टीबाईही तशाच किंचाळल्या, “अय्या, तू?” दर रविवारी पिठाच्या गिरणीत ह्या दोघींचा डबा एकामागं एक असतो म्हणे. कलशेट्टी आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहतात! आमच्या घरापासून चालत चार मिनिटं.

“म्हणजे ते बैलवाले तुझे हे?”

“आणि चिंचवाले तुझे?”

दोघींनी वळून आमच्याकडं एकदाच पाहिलं. मग आमचा विषय संपल्यासारख्या त्या खोपीकडं निघून गेल्या.

आता इरण्णाची पाळी आली. तो हात जोडून, कमरेत वाकून समोर उभा राहिला. बावीस वर्षांत तो कुणासमोर असा वाकलेला मी पाहिला नव्हता. मुख्याध्यापकांसमोर तर नाहीच.

“मालक, हरबऱ्यात आळी पडलीया. औषध कंचं मारू?”

“ते... नेहमीचंच मार.”

“न्हेमीचं कंचं?”

“जे मारतोस ते!”

“मी कुटं मारतोय मालक? तुमी सांगितल्याबिगर मी पानबी हालवत न्हाई.”

कलशेट्टी कौतुकानं ऐकत होते. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि भीतभीत विचारलं, “सर, तुमचं शेत दुधनीला ना? हे तर अक्कलकोटच्या अलीकडंच लागलं. आणि ती विहीर?”

“विहीर दुधनीच्या शेतात आहे,” मी म्हणालो. “हे दुसरं.”

सकाळपर्यंत माझ्याकडे एकही शेत नव्हतं. अकरा वाजता मी दोन शेतांचा मालक झालो. इरण्णानं मान डोलावली. “मालकांची लई शेतं हाईत. मलाबी सगळी म्हाईत न्हाईत.”

पूजा झाली. मग आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची असते. मालकानं पुढं व्हायचं आणि कन्नडमधली एक आरोळी ठोकायची. इरण्णानं आंबिलीचं मडकं माझ्या हातात दिलं. “व्हा म्होरं मालक! मी मागनं वरडतो.” लहानपणी दुधनीला मी ही आरोळी पाच वर्षं ऐकली होती, पण तेव्हा माझं सगळं लक्ष शेंगापोळीकडं. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत चालायला लागलो. शेवटच्या ओळीला माझ्या लक्षात आलं की ती शाळेची प्रतिज्ञा आहे. निम्मी आंबील पिकावर आणि निम्मी माझ्या पॅंटवर सांडत होती.

फेरी रस्त्याकडच्या तुकड्यापाशी आली. तिथं छातीएवढं हिरवंगार पीक उभं होतं, लांब लांब पानांचं. कलशेट्टी थांबले. “वा! यंदा काय काय केलंय सर?”

मी मडकं सावरत हात फिरवला. “हा असा हरभरा. आणि हा सगळा मका.”

कलशेट्टींनी एक पान बोटांत धरून जाणकारासारखं चोळलं. “मका बाकी एक नंबर आलाय! बियाणं कुठलं?”

आव्वाला तासाभरात चुलीपाशी कुणाचं काही ऐकू आलं नव्हतं. नेमकं एवढंच ऐकू आलं.

“यप्पा! मका?” ती उलथनं घेऊनच उठली. “जोंधळा हाय त्यो! उशिरा पेरलाय, कणसं यायची हाईत आजून. दोन येळा भाकरी खाताव नव्हं रं? कशाची खाताव म्हाईत न्हाई व्हय?” मग तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. “आन तू इरण्णाच्या शाळंतला नव्हं? आमच्या शेतात पैल्यांदाच आलास. बरं झालं. नुसता हात दावत उबा ऱ्हाऊ नगस, त्या बैलाला कडबा घाल. ए, टोपीवाल्या, तूबी उचल!”

आम्ही दोघं मुकाट्यानं कडब्याकडं गेलो. मी दोन पेंड्या उचलल्या, कलशेट्टींनी एक. (हा आकडा ध्यानात ठेवा.) बैलासमोर पेंड्या टाकून आम्ही उभे राहिलो. बैल खायला लागला. फोटोतला नव्हता तो, एवढी मी खात्री करून घेतली.

“शेत तुमचं नाही,” कलशेट्टी म्हणाले.

“नाही.”

“दुधनीचं?”

“तेही नाही.”

“विहीर?”

“विहीर तर अजिबातच नाही.”

आता हा मोबाईल काढणार, इथंच उभा राहून लिहिणार, आणि जोंधळा बघत मला सगळ्यांची माफी मागावी लागणार. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला.

“एक मिनिट! पाच पिढ्यांची शेती म्हणता आणि तुम्ही मक्याचं बियाणं विचारलंत!”

कलशेट्टींनी कानटोपी आणखी खाली ओढली. उत्तर खोपीकडून आलं, त्यांच्या बायकोकडून. “कुठली शेती हो भाऊजी! ह्यांचा जन्म चाळीतला. चिंचोळी एमआयडीसीत स्टोअरकीपर आहेत. घरात कुंडीत कोथिंबीर लावली होती, ती पण उगवली नाही. अकरा वर्षं झाली, येळवशीला आम्ही गॅलरीत चटई टाकून जेवतो.”

“आजोळी शेत होतं,” कलशेट्टी बैलाकडं बघत म्हणाले. “आजोबा गेले, ते विकलं. येळवशीला सगळे आपापल्या रानात जातात हो. कॉलनीत कुत्रं नसतं. जो तो म्हणतो, मोठी सुट्टी मिळाली ना, आराम करा. या, असं कुणी म्हणत नाही. तुम्ही म्हणालात, या. भांडणात म्हणालात, पण म्हणालात. मला वाटलं, माफी मागावी लागली तरी चालेल, जाऊन यावं.”

त्याला काय सांगणार होतो मी? मला बावीस वर्षं एक माणूस ‘या’ म्हणत होता आणि मी गेलो नव्हतो. हा माणूस अकरा वर्षं त्याच एका शब्दाची वाट बघत तिसऱ्या गल्लीत बसला होता. मी त्याला बैल म्हणालो होतो! खरंच वाईट वाटलं मला. पण वाईट वाटत असताना नेमकं काय बोलतात ते मला येत नाही, म्हणून मी म्हणालो, “चला, भज्जी निवतेय.”

“बर्री, बर्री! या जेवाय!” आव्वानं सगळ्यांना हाकारलं आणि ताटं वाढली. उंडा कुस्करला, वर वाफाळती भज्जी ओतली, पहिला घास घेतला आणि मी ओरडलो, “ही बघा चिंच!”

“कुठली चिंच? हा तर चुका!” कलशेट्टींचा आवाज पहिल्यांदाच फुटला. चांगला खणखणीत होता.

“जीभ आहे का तुम्हाला?”

“आहे की! शेत नसलं तरी जीभ आहे!”

“आव्वा,” इरण्णा तिच्या कानापाशी ओरडला, “भज्जीत आंबट काय घातलंय? चिंच का चुका?”

“चिंचबी हाय, चुकाबी हाय, चार बोरंबी टाकल्यात,” आव्वा म्हणाली. “रानात गावलं ते घातलं. त्यात इचारायचं काय? दोघांनी कोडतात केस घातलीया व्हय?”

मी शेवटचा आधार म्हणून आईकडं वळलो. ती डोळे मिटून खात होती. “आई, तू सांग. आपल्या भज्जीत चिंच असायचीच ना?”

“आपली कुठली भज्जी?” आई म्हणाली. “पाटलीणबाई करायच्या. काय घालायच्या मला काय माहीत! आपण नुसतं खायला जायचो.”

म्हणजे पंधरा दिवस मी ज्या घराण्याच्या पाककृतीसाठी लढत होतो ती आमच्या घराण्यात कधी नव्हतीच. सुनंदा आणि कलशेट्टीबाई हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. इरण्णानं माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला. “घ्या मालक.”

तीन वाजता निघालो. आव्वानं दोन्ही घरांना डबे भरून दिले. वडाप येईपर्यंत मी आणि कलशेट्टींनी रस्त्याकडेला उभं राहून ग्रुपवर काय लिहायचं ते ठरवलं. कुणीच हरलं नव्हतं, म्हणून माफीचा प्रश्न नव्हता. बरोबरी! मी ताटाचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘आज आमच्या शेतात कलशेट्टीसाहेबांसोबत भज्जीचा आनंद. चिंच आणि चुका दोन्ही बरोबर.’ खाली कलशेट्टींनी लगेच मोठ्या मनानं लिहिलं, ‘सरांचं शेत म्हणजे एक नंबर!’ एवढा सज्जन माणूस मी पाहिला नाही. सोलापुरापर्यंत मी लोकांचे अंगठे बघत आलो. मुख्याध्यापकांनी ‘वा!’ लिहिलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा आणखी एक ओळ उगवली. नाव नवीन होतं, फोटो ओळखीचा. पांढरा सदरा, टोपी.

‘भज्जी आमच्या आव्वाची. शेत माझं. आन त्यो मका न्हाई, जोंधळा हाय.’

मुख्याध्यापकांनी ह्या वाक्याला बदाम दिला. एक माणूस नाही राहिला ज्यानं बदाम दिला नाही. चित्रकलेच्या सरांनी तर रात्रीच्या जेवणाआधी हातात कणीस धरलेला माझा एक देखणा फोटो तयार करून टाकला. कणीस अर्थातच मक्याचं होतं.

मग मात्र मी लिहिलंच. सगळ्यांदेखत, नावानिशी. ‘इरण्णा, शेत तुझं आहे. बावीस वर्षं तू बोलावलंस, मी आलो नाही, आणि आलो तो तुला गडी करून. चुकलो. माफ कर.’ एवढ्या चार ओळी टाइप करायला मला तीन दिवसांच्या भांडणापेक्षा जास्त वेळ लागला.

इरण्णाचं उत्तर दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत आलं. ‘माफी कशाला भाऊसाहेब. फुडच्या येळवशीला दोघंबी या. फक्त फुडच्या साली मालक मी, गडी तुमी.’

मी ‘आनंदानं!’ असं लिहून पाठवणार, एवढ्यात खाली कलशेट्टींची ओळ आली. ‘गडी म्हणून सरांपेक्षा मला घ्या. कडबा घालायला मीच पुढं होतो.’

ह्यांनी? पुढं? मी दोन पेंड्या उचलल्या होत्या आणि ह्यांनी एक! बैल साक्षीला आहे! हे मी अजिबात खपवून घेणार नाही. सकाळपासून त्रेचाळीस कमेंट झाल्यात आणि मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. खिडकीत बोनाफाईडवाले पालक उभे आहेत. राहू देत.